तिसऱ्या गोळीची वाट पाहू नका

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या ओपीडीत एक बाई आल्या होत्या. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. बरेचसे जुने, पांढुरके. एक मात्र अजून ओला. भाकरी थापता थापता त्यांची नजर एकटक लागायची, ओठ चाटल्यासारखे हलायचे, एक हात पदराशी चाळा करत राहायचा आणि दुसरा तव्यावर टेकायचा. मिनिटभरानं भानावर आल्या की काहीच आठवायचं नाही. अंगाला झटके नाहीत, तोंडाला फेस नाही, म्हणून घरचे म्हणायचे, ‘हिचं लक्षच नसतं.’ लक्ष नसतं असं नव्हे, ती फीटच असते. बारा वर्षं गोळ्या चालू होत्या. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार.

अपस्माराला कुणी आकडी म्हणतं, कुणी फेफरं. जगात सुमारे 5 कोटी लोकांना तो आहे आणि बहुतेकांच्या फिट्स साध्या गोळ्यांनी थांबतात. आज मी बोलणार आहे ते उरलेल्यांविषयी, म्हणजे साधारण तिघांतल्या एकाविषयी. योग्य निवडलेली दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, नियमित घेऊनही फिट्स येत राहिल्या तर त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात. ही व्याख्या 2010 साली ठरली. दोनच का? ग्लासगोच्या डॉक्टरांनी 2000 साली आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला. शंभरातल्या 47 जणांच्या फिट्स पहिल्याच औषधानं थांबल्या, दुसऱ्यानं आणखी 13 जणांच्या, आणि त्यापुढच्या सगळ्या प्रयत्नांनी मिळून जेमतेम चार जणांच्या. नवी गोळी देऊच नये असं मी म्हणत नाही. पण नुसती गोळी बदलत वर्षं घालवू नयेत, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

पण त्याआधी, औषध खरंच हरलंय का, ते बघायला हवं. या बाईंच्या सासूबाईंनी पिशवीतून कालनिर्णयची पानं काढली. दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकोनांत, फीट आली त्या तारखेला लाल पेनानं फुली. एवढा नेटका पुरावा माझ्या फायलीतही नव्हता. एका दुसऱ्या घरच्या अशाच पानांवर सगळ्या फुल्या महिनाअखेरीच्या होत्या. पगाराआधी गोळ्या संपायच्या, हे कारण. तिथं औषध हरलं नव्हतं, खिसा हरला होता. कधी गोळीच चुकीची असते. किशोरवयात सकाळी उठल्यावर हातांना हिसके बसणारा एक प्रकार आहे, तो कार्बामाझेपिन या फिट्सच्याच एका नेहमीच्या औषधानं उलट वाढू शकतो. कधी ती फीट नसतेच, हृदयाच्या ठोक्यांमुळे आलेली चक्कर असते. जागरणानं आणि दारूनं फिट्स वाढतात, हे तर घरोघरी माहीत आहे.

बाईंच्या पानांवर असं काहीच नव्हतं. गोळी एकही चुकलेली नाही. जुना एमआरआय नॉर्मल होता, पण तो साधा होता. अपस्मारासाठी बारीक काप घेऊन पुन्हा केला तेव्हा कानाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये, हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी संबंधित छोटा भाग आक्रसलेला दिसला. त्या दोन वर्षांच्या असताना तापात अर्धा तास झटके आले होते, ते तेव्हा त्यांच्या आईला आठवलं. मग व्हिडिओ ईईजी, म्हणजे चित्रणासोबत मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद. कॅमेऱ्यासमोर आणि डोक्याला तारा लावून चार दिवस, फीट मेंदूत जिथून सुरू होते ती जागा नक्की होईपर्यंत.

ती जागा काढायची, म्हणजे मेंदूचं ऑपरेशन म्हटलं की घर हादरतं, आणि ते साहजिक आहे. बोलणं, स्मरणशक्ती, दृष्टी यांना धोका किती, हे आधी तपासूनच निर्णय होतो. पण या प्रकारच्या अपस्मारात कॅनडातल्या 2001 सालच्या अभ्यासात वर्षअखेरीस भान हरपणाऱ्या फिट्स पूर्ण थांबल्या त्या शस्त्रक्रियेच्या गटातल्या 58 टक्के रुग्णांच्या, नुसत्या औषधांवर 8 टक्क्यांच्या. आपल्या दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवरचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला, तिथं हा फरक 77 आणि 7 टक्के असा होता. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत या शस्त्रक्रिया 1995 पासून होतात. ज्यांच्यात जागा सापडत नाही किंवा ती काढण्याजोगी नसते, त्यांच्यासाठी, विशेषतः मुलांसाठी, कीटोजेनिक आहार आहे. भात-पोळी जवळजवळ बंद आणि तूप-तेल भरपूर, असा हा आहार आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचा. मानेतल्या व्हेगस नसेला छातीतल्या यंत्रानं सौम्य विद्युत झटके देण्याचा उपायही आहे. त्यानं फिट्स कमी होतात, पूर्ण थांबणं मात्र क्वचितच.

बाईंचं ऑपरेशन झालं. गोळ्या अजून आहेत, दोन. भाकरी त्या परत करायला लागल्या आहेत.

घरात कुणाला झटके येत असतील तर त्यांना कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, नाकाशी कांदा किंवा चप्पल नको. पाच मिनिटांवर गेलं तर थेट दवाखाना गाठा. कुणी जवळ असेल त्यानं मोबाइलवर चित्रण करावं, पुढच्या भेटीला ते आणि कालनिर्णयची पानं सोबत आणावीत, आणि डॉक्टरांना सरळ विचारावं: आमच्या पेशंटला व्हिडिओ ईईजी कधी करायचा?

नमस्कार.