कानाने भाजायचे कणीस

नमस्कार श्रोतेहो.

श्रावण सरत आला आहे. मंडईत हिरव्या पानांतल्या कणसांचे ढीग दिसू लागले आहेत आणि घाटातल्या वळणावळणांवर शेगड्या पेटल्या आहेत. आज मी आपल्याशी घरच्या घरी मक्याचे कणीस भाजण्याविषयी बोलणार आहे. कणीस कसे भाजतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे अगदी पहिल्या पायरीपासून मी सुरुवात करणार नाही. मला जे सांगायचे आहे ते एवढेच की, कणीस भाजताना डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबावे. पुन्हा सांगतो, डोळ्यांपेक्षा कानांवर. हे मला कोणी शिकवले ते सांगण्याची मला फार उत्सुकता आहे. परंतु त्याआधी कणीस निवडण्याविषयी दोन शब्द बोलतो, कारण निवड चुकली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पाने काढून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले कणीस शक्यतो घेऊ नये. पाने हिरवी आणि घट्ट असावीत, शेंड्याबाहेर आलेले केस तपकिरी होऊन वाळलेले असावेत, पण पाने जरा दूर केल्यावर आतले केस मात्र फिकट आणि ओलसर दिसावेत. हे केस निरुपयोगी म्हणून आपण उपटून टाकतो. वास्तविक त्यातला एकेक केस एकेका दाण्यापर्यंत पोहोचलेला असतो, आणि त्या केसावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याच्या दाण्याची जागा रिकामी राहते. कणसात मधेच दिसणाऱ्या फटी या कीड लागल्याच्या खुणा असतात असे अनेकांना वाटते, पण पुष्कळदा त्या एवढ्याच कारणाने पडलेल्या असतात. दाण्याला नख लावल्यावर दुधासारखा पांढरा रस आला, तर ते कणीस भाजण्याजोगे आहे असे समजावे. रस पाण्यासारखा असेल तर कणीस कोवळे आहे, आणि रस आलाच नाही तर ते जून झाले आहे. मात्र ही परीक्षा एकाच कणसावर, तीही विक्रेत्याला विचारून करावी. दहा कणसांना नखे लावून ती तशीच ढिगात परत टाकणारी माणसे मी पाहतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. नख लागलेला दाणा सुकू लागतो आणि ते कणीस मग कोणीच घेत नाही. पानांवरून अंगठा फिरवला तरी दाणे भरले आहेत की नाहीत, हे चांगले कळते.

आणखी एक गोष्ट ताजेपणाची. कणीस ताटावरून तोडले की त्यातल्या साखरेचे पिठात रूपांतर होऊ लागते, आणि उष्ण हवेत हे काम फार झपाट्याने होते. सकाळी तोडलेले गावठी कणीस दुसऱ्या दिवशी भाजले तर ते खाताना चरबट लागते, ते यामुळेच. १९५० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या जॉन लॉफनन यांनी ज्या गुणाच्या मक्याकडे लक्ष वेधले, त्या मक्यात साखर अधिक असते आणि ती बरेच दिवस टिकते. आज आपल्याकडे गोड मका म्हणून जे मिळते, त्यातले पुष्कळसे वाण याच गुणाचे आहेत. उकडून खाण्यासाठी तो मका उत्तम आहे. निखाऱ्यावर भाजण्यासाठी मात्र गावठी मकाच हवा, असे माझे ठाम मत आहे, कारण त्याच्या दाण्याला दाताखाली जो चिवटपणा आणि जो खमंगपणा येतो, तो गोड मक्याला येत नाही.

आता आत्याविषयी सांगतो.

माझी आत्या कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात राहत असे. त्या भागात मका पुष्कळ होतो, आणि तिच्या घरामागच्या पट्टीतही दरवर्षी मकाच असे. मी महाविद्यालयात शिकत असताना गणपतीच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो होतो. त्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मोतीबिंदू पूर्ण पिकल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नये, अशी त्या काळी समजूत होती, त्यामुळे तिची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करायचे ठरले होते. माणूस समोर आला की त्याचा आकार तेवढा तिला कळे, चेहरा दिसत नसे. तरीही घरातली सगळी कामे ती पूर्वीसारखीच करत असे.

त्या संध्याकाळी वीज गेली होती. आत्याने चुलीतले निखारे उलथन्याने ओढून एका जुन्या घमेल्यात काढले, घमेले ओसरीवर आणून ठेवले आणि मला मागच्या पट्टीतून चार कणसे तोडून आणायला सांगितले. कणसे आणल्यावर, "आत्या, तुला दिसत नाही, आज मीच भाजतो," असे म्हणून मी पुढे सरसावलो. निखाऱ्यांवर मी दोन सुकी चिपाडे टाकली, फुंकर घालून चांगला जाळ केला आणि कणीस सरळ त्या जाळात धरले. तीन-चार मिनिटांत ते सगळीकडून काळे झाले. कंदिलाच्या उजेडात ते मला उत्तम भाजल्यासारखे दिसले, म्हणून मी ते मोठ्या अभिमानाने आत्याच्या हातात दिले. तिने अंगठ्याने दोन दाणे सोडवले, तोंडात टाकले आणि सावकाश चावले. मग ती म्हणाली, "वरून जळलं, बाळा. आत अजून पाणीच हाय."

मग तिने जाळ विझू दिला. निखाऱ्यांवर राखेची पातळ साय धरेपर्यंत ती स्वस्थ बसून राहिली. दुसऱ्या कणसाची पाने तिने तोडली नाहीत. ती मागे वळवून, त्यांतल्याच एका पानाने बांधून तिने त्यांची मूठ केली, आणि कणीस निखाऱ्यांच्या किंचित वर धरले. मग तिने जे केले, ते पाहून मी चकित झालो. तिने आपला पाट फिरवला आणि घमेल्याकडे पाठ करून, अंगणाकडे तोंड करून ती बसली. हात मागे होता, कणीस निखाऱ्यांवर होते आणि डावा कान तेवढा त्या बाजूला वळवलेला होता.

"आता गप बस अन् ऐक," ती म्हणाली.

आधी सूं असा बारीक आवाज आला, ओल्या लाकडातून येतो तसा. तो थोडा वेळ टिकला आणि विरत गेला. मग एक दाणा तडकला, टक. थोड्या वेळाने दुसरा, मग लागोपाठ तीन-चार. फोडणीतल्या मोहरीसारखा तो कडक आवाज नव्हता. त्यापेक्षा तो जड आणि संथ होता. ते तीन-चार आवाज झाले की आत्या मूठ किंचित फिरवी, जेमतेम दोन ओळी पुढे सरकतील एवढीच. पुन्हा सूं, पुन्हा टक, आणि पुन्हा मूठ फिरे. एकदाही तिने मान वळवून पाहिले नाही.

अर्धे कणीस झाले असेल तोच डोंगराकडून पाऊस आला. ओसरीवर पत्रे होते, आणि पत्र्यांवर पाऊस सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. आत्याने त्याच क्षणी कणीस निखाऱ्यांवरून उचलले, मागे वळवलेली पाने सोडून त्यावर पुन्हा ओढली आणि ते पदरात गुंडाळून मांडीवर घेतले. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडून म्हणालो, "आत्या, ठेव ना, मी बघतोय." ती म्हणाली, "मघाचं बी तू बघूनच भाजलं होतं." मग ती स्वस्थ बसून राहिली. पाऊस ओसरायला दहा मिनिटे तरी लागली असतील. तोवर ती एका हाताने सुपाच्या तुकड्याने निखाऱ्यांना हळूहळू वारा घालत होती, आणि दुसरा हात पदरातल्या कणसावर होता. पत्र्यांवरचा आवाज उतरून पागोळ्यांचे थेंब मोजता येऊ लागले, तेव्हा कुठे तिने पदर सोडला, पाने मागे घेतली आणि जिथे थांबली होती तीच बाजू बोटांनी चाचपून पुन्हा निखाऱ्यांवर धरली.

कणसाची फेरी पूर्ण झाली. तिने आणखी एक फेरी भराभर फिरवली. त्या फेरीत एकही दाणा तडकला नाही. "बोलायचं थांबलं. आता उतरव," असे म्हणून तिने ते कणीस माझ्या हातात दिले. त्यावर काळे ठिपके होते, पण मधले दाणे पिवळेधमक होते, आणि प्रत्येक दाणा मुळापासून अलगद सुटत होता. तसे कणीस मी त्याआधी खाल्ले नव्हते.

श्रोतेहो, आत्या जे कानाने ओळखत होती, त्यामागचे कारण साधे आहे. दुधाळ दाण्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. पृष्ठभागावरचा ओलावा उडतो तो सूं आवाज, आणि आतल्या पाण्याची वाफ होऊन साल फाटते तो टक आवाज. लाह्यांच्या मक्यात जेमतेम १४ टक्के ओलावा आणि कठीण साल असते, म्हणून तो फुलतो. ओला दाणा फुलत नाही, फक्त तडकतो. आणि जोवर दाण्यावर ओल आहे, तोवर त्याचे तापमान उकळत्या पाण्याच्या फारसे वर जात नाही, म्हणजे तोवर त्याला खमंगपणाही येत नाही. जाळात धरलेल्या कणसाची साल जळून काळी होते, पण आत उष्णता पोहोचायला वेळच मिळत नाही.

घरी गॅसवर भाजायचे असेल तर पापड भाजण्याची जाळी ठेवावी, आच मध्यम ठेवावी आणि दर वेळी दोन-दोन ओळी फिरवाव्या. दहा-बारा मिनिटे लागतात, ती लागू द्यावी. तेवढा वेळ मिक्सर, धूर खेचणारा पंखा आणि दूरदर्शन बंद ठेवावे. रेडिओसुद्धा बंद ठेवावा, हे मी अगदी मनापासून सांगतो. कोळशाची शेगडी पेटवणार असाल तर ती गच्चीवर किंवा उघड्या अंगणातच पेटवावी. हे पुन्हा सांगतो, कारण हा जिवाशी खेळ आहे: बंद खोलीत कोळसा पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि माणसाला कळायच्या आत तो घात करतो.

तिखट-मीठ कणीस उतरल्यावरच लावावे. आधी लावलेले तिखट जळते आणि ठसका लागतो. लिंबाची अर्धी फोड तिखट-मिठात दाबून ती गरम कणसावर ओळींच्या दिशेने घासावी, म्हणजे रस दाण्यांमधल्या खाचांत उतरतो. घाटातल्या कणीसवाल्या बाया हे काम किती सफाईने करतात, ते पाहण्यासारखे असते. त्या बायांशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. दिवसभर धुरात बसून त्या आपल्यासाठी कणीस भाजत असतात.

आत्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली आणि तिला स्वच्छ दिसू लागले. पुढच्या पावसाळ्यात मी मुद्दाम गेलो. या वेळी ती घमेल्याकडे तोंड करून बसली होती. दाण्यांवर पहिले काळे ठिपके दिसताच, "इतकं काळं होतंय व्हय?" असे म्हणून तिने घाईने कणीस उतरवले. ते कच्चे निघाले. दुसरेही तसेच झाले. तिसरे कणीस हातात घेऊन ती क्षणभर थांबली, मग उठली, पाट अंगणाकडे फिरवून बसली आणि कणसाचा हात मागे नेला.