बारा काड्यांचं आभाळ

(दृश्य: पाण्याने भरलेली परात, तिच्यात बुडवलेल्या सोनेरी काड्या)

राय. आपल्या फोडणीतली राई नव्हे. ही राय म्हणजे गव्हाच्या कुळातलं, थंडीला दाद न देणारं धान्य. फिनलंडमध्ये रोज खाल्ला जाणारा काळपट पाव याच्याच पिठाचा. २०१७ साली देशाच्या स्वातंत्र्याला १०० वर्षं झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी राष्ट्रीय पदार्थ म्हणून मतं दिली ती याच पावाला. दाणा पिठात गेला, मागे राहिलं ते हे काड.

दक्षिण फिनलंडमधलं हे स्वयंपाकघर. डिसेंबरात इथे ऊन जेमतेम सहा तास असतं, म्हणून आजी काम घेऊन खिडकीशी बसल्या आहेत. यूल जवळ आलाय. यूल म्हणजे उत्तर युरोपातला ऐन थंडीतला जुना सण. पुढे ख्रिस्ती धर्म आला, सण नाताळात मिसळला, तरी फिनिश भाषेत नाताळाचं नाव आजही ‘योउलु’, म्हणजे यूलच. या दिवसांत जेवणाच्या टेबलावर छताला काडाचं जे झुंबर टांगतात, ते आजी बनवताहेत. त्याला म्हणतात हिम्मेली. शब्द स्वीडिश ‘हिम्मेल’वरून आला. अर्थ, आभाळ.

(दृश्य: आजींचे हात, जवळून)

काड कोरडं असलं की सुई लागताच उभं चिरतं, म्हणून आधी भिजवायचं. मग गाठी छाटायच्या आणि दोन गाठींमधली पोकळ नळी तेवढी घ्यायची. एका लांबीच्या बारा नळ्या लागतात. आजींकडे पट्टी नाही. पहिली कापलेली काडी हीच पट्टी, बाकीच्या अकरा तिला लावून कापायच्या.

लांब सुई, सुती दोरा. चार काड्या ओवल्या, गाठ मारली, चौकोन झाला. हा चौकोन लुळा आहे, बोट लावाल तिकडे कलतो. आता त्याच्या चार कोपऱ्यांतून चार काड्या वर, एका टोकाला. चार खाली, दुसऱ्या टोकाला. ही शेवटची गाठ.

(दृश्य: गाठ आवळली जाते. पाच सेकंद निवेदन नाही.)

इतका वेळ हातात लोळत असलेलं सगळं एकदम ताठ उभं राहिलं. खिळा नाही, डिंक नाही. आठ त्रिकोणांनी एकमेकांना धरलंय. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. कौलारू घराची कैची चढवताना ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की इथे अख्खी कैची तळहातावर मावते आणि फुंकर मारली तरी हलते.

अशी एक कळी झाली की तिच्या कोपऱ्यांना तिच्याहून लहान कळ्या, त्यांच्या टोकांना आणखी लहान.

पूर्वी यूलच्या दिवसांत इथल्या घरांत जमिनीवर काड अंथरत. मूठभर काड छताकडे उडवायचं. तुळयांत जितकं अडकेल तितकं पीक चांगलं. हिम्मेलीचाही शकुन तोच. जितकी मोठी हिम्मेली, तितकी पुढच्या वर्षी राय जोमाची. यूलला टांगलेली हिम्मेली जूनमधल्या युहान्नुस सणापर्यंत उतरवत नसत.

आपल्याकडे कोकणात नवान्न पौर्णिमेला दारावर ‘नवं’ बांधतात. भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल. ज्यांच्या घरी ते बांधलं जातं, त्यांना आजींच्या टेबलावर काय चाललंय ते न सांगता कळेल. आलेल्या पिकातलं थोडं घरात ठेवायचं, म्हणजे पुढच्या पिकाला घर सापडतं.

(दृश्य: टेबलाचं दुसरं टोक. रंगाच्या वाट्या, नातवंडं)

इथे रंगकाम. पाइन झाडाचे खवलेदार शंकू ओले असले की मिटतात, सुकले की उमलतात, म्हणून दोन दिवस आधीच शेगडीजवळ ठेवलेत. आता एकेका खवल्याच्या टोकाला पांढरा ठिपका. हा बर्फ. अक्रोडाला सोनेरी रंग, वरच्या फटीत लाल दोरा. रंग बोटांनाही लागलाय, गालालाही.

आणि हा बोकड. काडाची जुडी वळवून, लाल लोकरीने आवळून केलेला. सांताक्लॉजला फिनिश लोक ‘योउलुपुक्की’ म्हणतात, म्हणजे शब्दशः यूलचा बोकड. पूर्वी १३ जानेवारीला, नूत्तीच्या दिवशी, माणसं बोकडाचं सोंग घेऊन दारोदार जात आणि सणातलं उरलंसुरलं खायला-प्यायला मागत. शिंगांना नातीने आणखी एक वेढा दिलाय. तिला ती बारीक वाटली.

कापणी-मळणीच्या यंत्रात काड चेपतं, तुटतं. हिम्मेलीसाठी राय हातानेच कापावी लागते. दुकानांत आता पितळी नळ्यांच्या हिम्मेल्या मिळतात, पण त्यांत शेत नाही.

(दृश्य: स्टुलावर चढलेल्या आजी, छताचा आकडा, दोरा)

टेबलाच्या बरोबर मधोमध. कुणाचं डोकं लागणार नाही इतकी वर, बसलेल्याला दिसेल इतकी खाली. खाली मेणबत्ती लावली. तिची गरम हवा वर जाते, आणि तेवढ्यानेच हिम्मेली फिरायला लागते.

(दृश्य: छतावर फिरणाऱ्या सावल्या. मग पुन्हा आजींचे हात.)

आजींनी सुई परत ओवली आहे. खालच्या टोकाची एक कळी अजून बाकी आहे.