घोट्यापासून हृदयापर्यंत : रक्ताचा परतीचा प्रवास

[दृश्य : सलून. खुर्चीमागे उभा कारागीर. कॅमेरा हळूहळू खाली, त्याच्या चपलांपर्यंत.]

केस कापता कापता हा कारागीर स्तब्ध उभा आहे. आत्ता त्याच्या घोट्याजवळच्या शिरेतला दाब मोजला, तर तो ८० ते ९० मिलिमीटर पारा भरेल. हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे परतलेलं रक्त येऊन पडतं त्या कप्प्यात, मात्र दाब शून्याच्या आसपास. मधलं अंतर मीटरभराहून थोडं जास्त. तेवढ्या उंचीच्या रक्ताचा भार खालच्या शिरेवर येतो.

म्हणजे रक्त वर चढवायला हृदय कमी पडतं का? नाही. हृदयाकडून रक्त घेऊन खाली येणाऱ्या नळीत, रोहिणीतही, रक्ताचा तेवढाच स्तंभ उभा असतो. दोन्हीकडचे भार एकमेकांना तोलतात आणि रक्त फिरत राहतं. अडचण आहे ती शिरेच्या पातळ, सैल भिंतीची. दाब वाढला की ती फुगते. नुसतं उठून उभं राहिलं तरी अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त रक्त छातीकडून खाली उतरतं आणि पाय-पोटाच्या शिरांत साचतं. संचलनात ताठ उभा असलेला जवान कोसळतो, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

[दृश्य : पोटरीचा छेद. चालणारा पाय.]

साचलेलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचं. आतल्या स्नायूत रक्ताने भरलेल्या रुंद शिरा असतात. पाऊल टाकताना स्नायू आवळला की त्या पिळल्या जातात. रक्त वरच का जातं? कारण शिरेत ठिकठिकाणी दोन पातळ पाकळ्यांची झडप असते. हापशाच्या तळातली झडप करते तेच काम : वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही. आठ-दहा पावलांतच घोट्याजवळचा दाब ९० वरून ३० च्या खाली येतो. थांबलात, की शिरा पुन्हा भरायला निरोगी पायात वीसेक सेकंद तरी लागतात.

[दृश्य : हाताची मागची बाजू, अगदी जवळून.]

ही झडप स्वतःच्या हातावर पाहता येते. हात खाली सोडा, शिरा फुगू द्या. मनगटाकडे जाणारी एक सरळ शीर निवडा. बोटांच्या बाजूला ती एका बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त मनगटाकडे पुसत न्या. वरचं बोट उचला. वाटेत झडप असेल, तर शीर तिथपर्यंत रिकामीच राहते. आता खालचं बोट उचला : ती खालून भरते. इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरण मांडताना हाच पुरावा चित्रांसह दिला. झडपांचं सविस्तर वर्णन त्याचे इटलीतल्या पादुआचे गुरू फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्येच छापलं होतं, पण त्या एकाच दिशेने का उघडतात याचा खरा अर्थ शिष्याला लागला.

[दृश्य : घोट्याची आतली बाजू, काळवंडलेली त्वचा.]

घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाणारी लांब शीर त्वचेखालीच असते. तिला स्नायूंचा आधार नाही. ती रुंदावली की पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत, रक्त मागे गळतं, खालची झडप ताणते, मग तीही निकामी होते. शिरा वेड्यावाकड्या फुगतात. दाब उतरत नाही म्हणून तांबड्या पेशी त्वचेत झिरपतात, त्यातल्या लोहाने घोटा काळा पडतो, खाज येते, शेवटी जखम होते. लोक खाजेवर मलमं बदलत बसतात. खरं तर गरज असते कलर डॉपलरची, म्हणजे शिरेतलं रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीची, आणि ती रुग्णाला उभं करून. आडवं झोपवून केली तर गळती सहज निसटते.

शिरा फुगू नयेत म्हणून पायाला आवळून धरणारे दाबाचे मोजे घालायचे ते सकाळी, अंथरुणातून उतरण्याआधी, पाय रिकामे असताना. दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर कमी होत गेलेला हवा. पण त्याआधी डॉक्टरांकडून पावलाची नाडी तपासून घ्या, मधुमेह किंवा तंबाखू असेल तर नक्कीच. रोहिण्या आधीच अरुंद असतील, तर घट्ट मोजा पावलाचं रक्तच तोडतो.

एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर ती चोळू नका. आतल्या शिरेत गुठळी असू शकते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट रुग्णालय गाठा.

[दृश्य : प्रात्यक्षिक. आडवा झोपलेला माणूस, पाय उशांवर.]

फुगलेली शीर फुटली तर रक्ताची धार लागते. घाबरून लोक वर मांडीला करकचून फडकं बांधतात. त्याने परतीची वाट बंद होते, रोहिणीतून मात्र रक्त येतच राहतं आणि धार वाढते. माणसाला आडवं झोपवा, पाय हृदयाच्या वर उचला, आणि फुटल्या जागेवर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा. मधे उचलून बघू नका. तरीही थांबलं नाही, तर दाब न सोडता १०८ ला फोन करा.