भिंतीवर कोरलेलं औषध

तुर्कीच्या नैऋत्येला डोंगरात ओइनोआंदा नावाचं शहर आहे, म्हणजे होतं, आता नुसते दगड आणि झाडोरा. १८८४ मध्ये फ्रेंच संशोधकांना इथे ग्रीक अक्षरं कोरलेले तुकडे सापडले आणि आजवर असे तीनशेच्या आसपास तुकडे मिळालेत, सगळे एकाच भिंतीचे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, रोमन साम्राज्याच्या काळात, डायोजेनिस नावाच्या माणसाने ती कोरून घेतली (पिंपात राहणारा म्हणून प्रसिद्ध असलेला ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिस तो वेगळा हं, तो कितीतरी आधीचा). पैसेवालाच असणार, कारण अख्खं तत्त्वज्ञान दगडात कोरणं म्हणजे खायचं काम नाही. त्याचं म्हणणं असं, की साथ आल्यासारखे लोक चुकीच्या समजुतींनी आजारी पडलेत, मेंढरांसारखे एकमेकांकडून लागण करून घेतायत, आणि आपलं वय तर झालंय, मग एकेकाला गाठून सांगत बसण्यापेक्षा औषध चौकातच लावून टाकू. गावच्यांसाठी आणि परक्यांसाठीही, कारण त्याच्या मते सगळी पृथ्वी हा एकच देश.

औषध होतं एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाचं. याने इसवी सनापूर्वी ३०६ च्या सुमारास अथेन्सला एक बाग घेतली आणि तिथे मित्रांना जमवलं, त्यात बायका होत्या, गुलामसुद्धा होते, त्या काळात हे भलतंच होतं. लोक त्याला चैनी म्हणायचे आणि हा गडी भाकर-पाण्यावर खूश. एका मित्राला पत्र लिहून चीजचं छोटं मडकं मागवतो, का तर कधी मनात आलं तर मेजवानी करता येईल! भूक भागली, थंडी वाजत नाही, जवळ मित्र आहेत, देवांची आणि मरणाची भीती गेली, की मन शांत, याहून मोठं सुख नाही असं त्याचं गणित. राजकारणापासून लांब राहा असंही तो सांगतो, ते मला काही पटत नाही, आपण लांब राहिलो तरी राजकारण कुठे आपल्याला सोडतंय.

पुढे लोकांनी ती भिंत फोडून दगड दुसऱ्या बांधकामांना वापरले, बराच भाग अजून मिळालेला नाही. जे मिळालं त्यात म्हातारपणाची बाजू घेणारा मजकूर आहे, म्हाताऱ्यांची टिंगल करणाऱ्या पोरांना सुनावलेलं, आणि तो भिंतीच्या वरच्या भागात होता म्हणून त्याची अक्षरं मोठी काढलीयत, खालून वाचता यावीत म्हणून.