टॅटू काढून टाकायचाय? मग घाई घरी ठेवून या

बसा बसा, मागे ऐकू येतंय ना? हां. तर मी त्वचेची डॉक्टर, आणि लेझरने टॅटू काढून टाकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारतो, "किती दुखेल?" आणि लगेच पुढचं, "पुढच्या महिन्यात मुलाखत आहे, तोवर जाईल ना?" दुखण्याचं नंतर सांगते, दुसऱ्याचं उत्तर आत्ताच घ्या, नाही जाणार.

का ते ऐका. टॅटूची शाई वरच्या सालीत नसतेच, ती खालच्या थरात असते. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, आपल्या शरीरातले सफाई कामगारच म्हणा ना, त्या शाईचे कण गिळतात पण कण इतके मोठे की पुढे नेता येत नाहीत, मग तोंडात धरून बसून राहतात. लेझर काय करतो, तर त्या कणांवर सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढा छोटा झटका मारतो आणि त्यांचा चुरा करतो, पिकोसेकंदवाला असेल तर झटका त्याहूनही छोटा. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी ही कल्पना मांडली, की प्रकाशाचा रंग बरोबर निवडला आणि झटका पुरेसा छोटा ठेवला तर फक्त पाहिजे तीच गोष्ट तापते, आजूबाजूची त्वचा वाचते. पण चुरा झाला म्हणजे टॅटू गेला असं नाही हं, तो चुरा उचलून न्यायचं काम तुमच्या शरीराचं, आणि ते त्याच्या चालीने चालतं. म्हणून दोन सिटिंगमध्ये ६ ते ८ आठवडे ठेवतो, कधी जास्तच. "दर पंधरवड्याला करून टाका ना" म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते, कारण शाई लवकर जात नाही, कातडी मात्र भाजते.

एकूण सिटिंग किती, तर बऱ्याच जणांना ६ ते १० लागतात, काहींना जास्त. घोट्यावरचा, बोटांवरचा टॅटू हळू जातो कारण तिथे रक्तपुरवठा कमी. काळी शाई सगळ्यात सोपी, हिरव्या-निळ्याला वेगळा लेझर, पिवळी तर हट्टीच. आणि पांढरी किंवा त्वचेच्या रंगाची शाई, जी ओठांच्या-भुवयांच्या मेकअप टॅटूत असते, ती लेझर लागल्यावर उलट काळी पडू शकते, म्हणून आधी एका कोपऱ्यात छोटी टेस्ट केल्याशिवाय हात लावू देऊ नका.

तयारी म्हणजे काय, तर मुख्य गोष्ट ऊन. आपल्या त्वचेचा रंग ज्याने येतो ते मेलॅनिन पण लेझर शोषून घेतं, त्यामुळे कातडी रापलेली असेल तर लेझर शाई सोडून कातडीवरच तुटून पडतो आणि मग फोड नाहीतर पांढरे डाग. सावळ्या त्वचेला म्हणूनच १०६४ नॅनोमीटरचा लेझर जास्त सुरक्षित, तो मेलॅनिनच्या फारसा वाटेला जात नाही. किमान ४ आठवडे ती जागा झाकून ठेवा, सनस्क्रीन लावा. मुरुमांची गोळी चालू असेल, अंगावर जाड वण उठायची सवय असेल, गरोदर असाल, तोंडावर ताप उठत असेल, सगळं आधी सांगा, लाजू नका. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि बधिर करायचं क्रीम घरून भरपूर फासून वर प्लास्टिक गुंडाळून येणारे असतात ना, ते खरंच धोक्याचं आहे, ते औषध जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर फिट येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. किती लावायचं ते विचारून लावा.

आता दुखणं. जाड रबरबँड ताणून कातडीवर सोडला की जसा चटका बसतो तसं, आणि सोबत गरम तेलाचे शिंतोडे, पण चालतं काही मिनिटंच. डोळ्यावर लेझर अडवणारा चष्मा पक्का हवा, तो नसेल तर उठून या. झटका बसला की ती जागा पांढरीफटक पडते, लोक घाबरतात, पण ते नुसते वायूचे बुडबुडे, अर्ध्या तासात जातात.

नंतर सूज, लाली, आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरलेला फोड, हे होणारच समजा. माझ्याकडे एक मुलगा तिसऱ्या दिवशी आला, सुई गरम करून फोड फोडलेला आणि वर पावडर थापलेली. त्याचा टॅटू गेला, पण त्या फोडाचा गोल वण अजून आहे. फोड म्हणजे कुदरती ड्रेसिंग आहे हो, राहू द्या, पेट्रोलियम जेली लावा, न चिकटणारी पट्टी ठेवा. खपली आपोआप पडू दे, नखाने नाही. जखम भरेपर्यंत पोहणं नको, पहिले दोन-तीन दिवस घाम गाळणारा व्यायाम नको. लाली पसरत चालली, पू आला, ताप आला तर त्याच दिवशी फोन करा, सकाळची वाट बघू नका. आणि सिगरेट, ती ओढणाऱ्यांचा टॅटू हळू जातो, सोडायला एक निमित्त मिळालं समजा.

माझ्या मनगटावर कॉलेजात काढलेलं फुलपाखरू होतं, ९ सिटिंग लागल्या. हे बघा, उजेडात तिरकं धरलं की पंखांच्या जागी थोडी फिकट कातडी दिसते, इतकं राहतं कधी कधी. कुणाला जवळून बघायचं असेल तर पुढे या.