कव्हरवरची नावं

(दृश्य : नौपाडा, ठाणे. जुन्या इमारतीतलं घर. जेवणाच्या टेबलावर सीडी आणि डीव्हीडीच्या केस पसरलेल्या.)

या घरात तीन पिढ्यांची कार्यं डिस्कवर आहेत. मुंज, साखरपुडा, बारसं, आजोबांची एकसष्टी, कौपिनेश्वर मंदिराची पाडव्याची स्वागतयात्रा. मूळ चित्रण कुठे व्हीएचएस कॅसेटवर होतं, कुठे मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटवर. नंतर सगळं डीव्हीडीवर उतरवून घेतलं. आणि केसवर लिहिलंय काय? ‘वेडिंग १’. ‘वेडिंग २’. ‘फंक्शन’. एकीवर तर नुसतं ‘बॅकअप’.

लग्न कोणाचं, ते डिस्क लावून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि लावायची कशात? बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचा ड्राइव्हच नसतो. त्यामुळे बाहेरच्या कागदावर काय छापलंय, याला आज पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आलंय. या घरातल्या मावशींनी आणि त्यांच्या भाच्यानं एकेका केसला नवं कव्हर करायला घेतलंय.

(दृश्य : स्टीलची पट्टी, उघडलेली केस.)

आधी मापं. डिस्क १२० मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाड. १९८२ मध्ये पहिल्या सीडी विक्रीला आल्या तेव्हा ठरलेलं हे माप पुढे डीव्हीडीनंही तसंच घेतलं. सीडीच्या कडक, पारदर्शक केसला दोन कागद लागतात. पुढचा १२० बाय १२०. मागचा १५१ बाय ११८, आणि त्याच्या दोन्ही कडांना साडेसहा मिलिमीटरची घडी. ही घडी म्हणजे स्पाइन. केस कपाटात उभी लावली की दिसते ती एवढीच पट्टी. डीव्हीडीच्या उंच केसला मात्र एकच सलग कागद, २७३ बाय १८३, मधोमध १४ मिलिमीटरची स्पाइन. आडव्या ए-फोरवर तो बसतो.

प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद करायचं आणि ‘ॲक्च्युअल साइज’ निवडायचं. साध्या कागदावर एक प्रत काढून पट्टीनं मोजायचं. १२० च्या जागी ११६ भरले, तर चित्र कितीही देखणं असलं तरी केसमध्ये कड उघडी पडणार.

(दृश्य : संगणकाचा पडदा.)

भाच्यानं एकसष्टीच्या जुन्या कव्हरची मूळ फाइल शोधून काढली. तेव्हा मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप व्हायचा आणि प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी असायची. तो फॉन्ट आज या संगणकात नाही, म्हणून पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटली आहेत. पण त्याच फाइलची तेव्हा छापलेली प्रत केसमध्ये आहे. रंग उतरलाय, तरी तिच्यावरचा शब्दन् शब्द वाचता येतो. या घरातल्या साऱ्या खटाटोपाला बळ मिळालं ते इथून. नवा मजकूर आता युनिकोडमध्ये, म्हणजे विशिष्ट फॉन्टवर अवलंबून नसलेल्या पद्धतीत लिहिला जातोय, आणि फॉन्ट आत धरून ठेवणारी पीडीएफ प्रतही जपली जातेय.

खरी कसोटी साडेसहा मिलिमीटरच्या स्पाइनवर देवनागरी बसवण्याची. इंग्रजी कॅपिटल अक्षरं एका उंचीत मावतात. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. ‘गुरुपौर्णिमा’ मोठ्या टाइपात टाकलं की वरचा रफार तरी कापला जातो, नाहीतर खालचा उकार घडीत जातो. १० पॉइंटच्या आसपासचा ठसठशीत टाइप घ्यायचा, वर-खाली श्वास घेण्यापुरती जागा सोडायची. आणि सगळ्या केसवर मजकूर एकाच दिशेनं, वरून खाली. म्हणजे कपाटासमोर उभं राहून वाचताना मान दर केसला फिरवावी लागत नाही.

(दृश्य : गोखले रोडलगतचं प्रिंटिंगचं दुकान.)

घरच्या इंकजेटवर चालेल, पण बऱ्याच इंकजेटची शाई पाण्यानं पसरते, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरतेच. दुकानातल्या लेझर प्रिंटची टोनर पावडर कागदावर वितळून बसते, पाण्याचा थेंब पडला तरी अक्षर पसरत नाही. ‘बारा-अठरा’च्या, म्हणजे १२ बाय १८ इंचांच्या एका शीटवर डीव्हीडीची दोन कव्हरं निघतात. कागद १३० जीएसएमचा आर्ट पेपर पुरे. त्याहून जाड घेतला, तर तो सीडीच्या केसमधल्या अर्धगोल कानांखाली सरकत नाही, कोपरे दुमडतात. घडीसाठी मावशी रिफील संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून ओढतात. मग कागद न तडकता सरळ रेषेत वळतो.

(दृश्य : डिस्कचा जवळून घेतलेला शॉट.)

आता डिस्कवर चिकटवायच्या गोल स्टिकरबद्दल. ते लावू नयेत, असं आम्ही ठामपणे म्हणतो. सीडीमध्ये माहितीचा थर खालच्या चकचकीत बाजूला नसतो; तो वरच्या, नाव लिहायच्या बाजूला असतो आणि त्यावर लाखेसारखा पातळ लेप तेवढा असतो. चिकटलेला स्टिकर ओढून काढला, तर धातूचा थरही त्याच्याबरोबर सुटू शकतो. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, पण तिथे अडचण वेगळी. वेगवान ड्राइव्हमध्ये डीव्हीडी मिनिटाला हजारो फेरे घेते. स्टिकर जरासा एका बाजूला सरकला तरी तोल जातो, आणि दमटपणानं कागद आखडला की चकती किंचित वाकते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या राष्ट्रीय मानक संस्थेनंही २००३ च्या मार्गदर्शिकेत दीर्घकाळ जपायच्या डिस्कवर चिकट लेबल नको, असंच सांगितलं. पाण्याच्या शाईच्या, मऊ टोकाच्या पेननं मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर फक्त क्रमांक लिहायचा. बॉलपेन टेकवायचं नाही. बाकी सगळं केसच्या कागदावर.

(दृश्य : थांबवलेली फ्रेम. एकसष्टीचा ग्रुप फोटो. मावशी चष्मा लावून पडद्याजवळ.)

या कागदावर काय लिहायचं, यात सगळ्यात जास्त वेळ जातो. तो जायलाच हवा. तारीख, जागा, चित्रण कोणी केलं, मूळ कॅसेट कोणती. आणि माणसं.

“मावशी, आजोबांच्या डावीकडे कोण आहेत?”

“ते बाबांचे मावसभाऊ, पेणचे.”

“आणि फेटा बांधलेले?”

“थांब. आत्याला विचारते.”

आत्या डोंबिवलीला असतात, वय पंच्याऐंशीच्या पुढे. फोन स्पीकरवर टाकला जातो.

“अगं आत्या, बाबांच्या एकसष्टीला फेटा बांधून आलेले ते कोण गं?”

“ते दादाच्या ऑफिसातले. पहाटे फुलं त्यांनीच आणली होती. आणि फेटा कसला बांधून येतायत? तुझ्या आईनं आग्रह करून बांधायला लावला.”

व्हिडिओत हे कुठेच नाही. सनई वाजते, माणसं हसतात, हात जोडतात, पण कोणी आपलं नाव सांगत नाही. आत्यांना ते ठाऊक आहे, आणि आजपासून ते कव्हरच्या मागच्या बाजूला छापलेलं असेल : डावीकडून उजवीकडे, नाव, नातं, गाव. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्यापुढे जागा कोरी सोडली आहे. कव्हर लगेच बंद न करता ते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं, आठवडाभर थांबायचं, आणि मगच अंतिम प्रिंट काढायची, असा इथला रिवाज पडलाय.

(दृश्य : लॅपटॉपला जोडलेला बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह.)

कव्हर तयार झालं की त्या डिस्कमधलं चित्रण हार्ड डिस्कवर उतरवलं जातं. स्पाइनवरचा क्रमांक, डिस्कच्या कड्यावरचा क्रमांक आणि फोल्डरचा क्रमांक एकच. कव्हरची पीडीएफही त्याच फोल्डरमध्ये जाते. हार्ड डिस्कची दुसरी प्रत पुण्याला, मावशींच्या लेकीकडे ठेवली आहे, आणि नाव नव्यानं कळलं की दोन्हीकडे भरलं जातं.