बॉक्सर भरपाई: माफीनंतरची घासाघीस

मंडळी, विलिंग्डन हे नाव आपल्याला परकं नाही. सांगलीचं कॉलेज त्यांच्याच नावाचं, आणि १९१८ साली मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळकांना भाषण पुरं करू न देणारे गव्हर्नरही तेच. १९२६ साली हेच गृहस्थ शिष्टमंडळ घेऊन चीनला गेले. कशाला? तर चीनकडूनच वसूल केलेल्या पैशाचं काय करावं, हे चिनी लोकांना विचारायला!

हा पैसा बॉक्सर उठावाच्या, म्हणजे १९०० च्या सुमारास चीनमध्ये परकीयांविरुद्ध झालेल्या बंडाच्या भरपाईचा. परकीय सत्तांशी झालेल्या १९०१ च्या तहाने चीनवर ४५ कोटी टेल (टेल हे चिनी वजन) चांदीचा बोजा पडला. हप्ते ३९ वर्षांचे, व्याज चार टक्के. त्यात ब्रिटनचा वाटा साधारण ११ टक्के. अमेरिकेने १९०८ मध्येच आपल्याकडची जास्तीची रक्कम सोडली होती, त्यातून बीजिंगचं आजचं छिंगह्वा विद्यापीठ उभं राहिलं. ब्रिटनने डिसेंबर १९२२ मध्ये जाहीर केलं की यापुढचे हप्ते दोन्ही देशांच्या हिताच्या कामांना लावू. पण हित ठरवायचं कोणी?

१९२५ च्या ब्रिटिश कायद्याने सल्लागार समिती नेमली, मात्र शेवटचा शब्द लंडनच्या परराष्ट्रमंत्र्यांचा. चिनी शिक्षणतज्ज्ञ खवळले, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पैसा सोडला म्हणायचं आणि चावी कमरेला ठेवायची, ही कसली माफी? विलिंग्डन यांच्याबरोबर विचारवंत हू शिह, भूगर्भशास्त्रज्ञ डिंग वेनज्यांग असे खमके चिनी सभासद होते. फिरून, माणसांना भेटून शिष्टमंडळाने शिफारस केली: निधी चीनमधल्या विश्वस्त मंडळाकडे द्या, आणि त्यात बहुमत चिनी असू द्या.

मग चीनमध्ये क्रांतीची धामधूम, नानजिंगला राष्ट्रवाद्यांचं नवं सरकार. सप्टेंबर १९३० मध्ये चीनमधले ब्रिटिश वकील लॅम्पसन आणि चीनचे परराष्ट्रमंत्री वांग झेंगतिंग यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली. त्यातली तोड मोठी चतुर होती. पैसा थेट शाळांना वाटायचा नाही. तो रेल्वेसारख्या कामांना कर्जाऊ द्यायचा आणि येणारं व्याज शिक्षणावर खर्च करायचं. मुद्दल शाबूत, रूळही पडले. पण रुळांचं, इंजिनांचं सामान? ते ब्रिटनमधून घ्यायचं, त्यासाठी लंडनला खरेदी आयोग. म्हणजे मंदीत ऑर्डरींसाठी ताटकळणाऱ्या ब्रिटिश कारखान्यांची सोय आधी पाहिली गेली. यात औदार्य किती आणि धंदा किती, तुम्हीच ठरवा.

तरी चिनी मुत्सद्दी भोळे नव्हते. त्यांना रेल्वे हवीच होती, आणि विश्वस्त मंडळात पंधरापैकी दहा जागा त्यांनी मिळवल्या. ग्वांगझोउ-हानकोउ मार्ग १९३६ मध्ये पुरा झाला तो या पैशाच्या मदतीने. १९३३ पासून चाळणी परीक्षा घेऊन विद्यार्थी शिष्यवृत्ती देऊन ब्रिटनला पाठवले जाऊ लागले. पुढे नावाजलेले लेखक छ्यान झोंगशू १९३५ मध्ये ऑक्सफर्डला गेले, ते याच शिष्यवृत्तीवर.